मोंते कॅसिनोचा मठ रिकामा होता का?

मागील प्रकरणाच्या शेवटी फ्रिडोलिन फॉन सेंगर उंड एटरलिन यांचे चौदावे पँझर कोअर इटलीतील गुस्ताव या जर्मन बचावरेषेवर स्थिरावले होते आणि मे १९४४ मध्ये ही रेषा कशी फुटली ते या आठवड्यात सांगायचे ठरले होते. तो विषय आता पुढे ढकलावा लागत आहे. १९४३ च्या नाताळात सेंगर मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी मोंते कॅसिनोच्या मठात गेले होते, या मागील मजकुरावरून वाचकांनी एक रास्त शंका विचारली आहे: जर्मन सेनापतीच जर मठात ये-जा करत होता, तर तेथे जर्मन सैन्य नव्हते या म्हणण्यावर विश्वास का ठेवावा? प्रश्न केवळ एका इमारतीचा नाही. सेंगर यांच्याविषयी युद्धानंतर जो आदर व्यक्त झाला, त्यातील बराचसा या मठाच्या निमित्तानेच झाला आणि म्हणून तो आदर कितपत साधार आहे हे तपासल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

आधी जागा समजून घ्यावी लागते. रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरवर, नेपल्सहून रोमकडे जाणारा सहा क्रमांकाचा महामार्ग कॅसिनो गावाला वळसा घालून लिरी नदीच्या रुंद खोऱ्यात शिरतो आणि या वळणाच्या नेमके वर, पाचशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर, संत बेनेडिक्ट यांनी इसवी सनाच्या सहाव्या शतकात स्थापन केलेला मठ उभा आहे. पायथ्याशी रॅपिडो नदी वाहते. जानेवारी १९४४ पासून दोस्तांच्या ज्या तुकड्या या खोऱ्याच्या तोंडाशी चिखलात अडकून पडल्या होत्या, त्यांतील प्रत्येक सैनिकाला मान वर करताच मठाच्या खिडक्यांच्या रांगा दिसत आणि त्या खिडक्यांमागून कोणीतरी सतत आपल्याकडे पाहत आहे, अशी त्याची खात्री पटलेली असे. ही भावना खोटी ठरवता येत नाही, कारण डोंगरावरून त्याच्यावर नजर होतीच. प्रश्न एवढाच आहे की ती नजर मठातून होती की मठाबाहेरून.

मठाच्या तटस्थतेचा इतिहास १९४३ च्या शरद ऋतूपासून सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेर्मान गोअरिंग डिव्हिजनमधील लेफ्टनंट कर्नल युलिउस श्लेगेल आणि कॅप्टन माक्सिमिलिआन बेकर या दोन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने मठातील हस्तलिखिते, चित्रे आणि संतांचे अवशेष ट्रकांमधून हलवण्यात आले. डिसेंबरमध्ये इटलीतील जर्मन सरसेनापती आल्बर्ट केसेलरिंग यांनी मठाचा लष्करी वापर होणार नाही असे आश्वासन व्हॅटिकनला दिले आणि मठाभोवती ३०० मीटर त्रिज्येचा निषिद्ध परीघ आखला गेला. दरवाजावर लष्करी पोलीस बसले. आत ऐंशीच्या घरातले मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे, मोजके भिक्षू आणि आसपासच्या गावांतून आश्रयाला आलेली शेकडो माणसे एवढेच उरले.

ही तटस्थता राखण्याची जबाबदारी सेंगर यांच्याकडे आली, हा योगायोग इतिहासकारांना नेहमीच मोह घालत आला आहे, कारण बाडेनच्या कॅथलिक घराण्यातील हा सेनापती बेनेडिक्टाइन संघाचा प्रापंचिक सदस्य होता. म्हणजे संन्यास न घेता, संसारात राहूनच तो त्या संघाच्या नियमांशी बांधलेला होता. नाताळच्या रात्री तो मठात गेला तो या नात्याने. त्या भेटीत खिडकीबाहेर खोऱ्याकडे दृष्टी टाकण्याचेही त्याने कटाक्षाने टाळले, कारण मठाच्या खिडकीतून शत्रूची ठाणी पाहणे म्हणजे मठाचा लष्करी वापर करणे, असा त्याने तटस्थतेचा अर्थ लावला होता. एवढ्या काटेकोरपणाचे कौतुक वाटणे साहजिक आहे. तरीही केवळ श्रद्धेने मठ वाचला असता असे मानणे हे रणभूमीकडे दुर्लक्ष करणे ठरेल. सेंगर पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते आणि मठ न वापरण्याचे दुसरे कारण त्या अनुभवात सापडते.

तोफखान्याचा निरीक्षक म्हणजे पुढे बसून शत्रू दुर्बिणीने टिपणारा आणि मागच्या तोफांना नेम कळवणारा अधिकारी. त्याचा जीव लपण्यावर अवलंबून असतो. साऱ्या खोऱ्यातून दिसणारी पांढुरकी, चौकोनी, प्रचंड इमारत ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा ठरते, कारण लढाई पेटताच पहिला गोळा तेथेच पडणार हे त्याला ठाऊक असते. त्याउलट, उतारावरचा एखादा झुडपाआडचा खडक त्याला तेवढेच दृश्य देतो आणि शत्रूला मात्र त्याचा ठावठिकाणा लागू देत नाही. शिवाय मठ ही त्या परिसरातील सर्वोच्च जागाही नव्हती. मठाच्या वायव्येला असलेल्या कड्याला नकाशात त्याच्या उंचीवरून ५९३ हा क्रमांक मिळाला होता, म्हणजे तो मठाहून सुमारे पाऊणशे मीटर उंच होता, आणि या कड्यापासून निघणाऱ्या दगडी धारेवर सुरुंग लावून खोदलेले जर्मन मोर्चे हीच कॅसिनोच्या बचावाची खरी गुरुकिल्ली होती. फेब्रुवारीत चौथ्या हिंदी डिव्हिजनला रक्त सांडावे लागले ते मठाच्या भिंतीसमोर कमी आणि या ५९३ च्या धारेवर अधिक. मठ सोडून देण्यात सेंगर यांचे लष्करी नुकसान जवळजवळ काहीच नव्हते. त्यांची श्रद्धा आणि त्यांचा पेशा या दोघांनीही त्यांना एकच सल्ला दिला होता.

मग मठावर बॉम्ब का पडले? याचे उत्तर देताना चौथ्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल फ्रान्सिस टकर यांचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे, कारण पुष्कळ लेखनात ते विनाशाचे समर्थक म्हणून एका वाक्यात निकालात काढले जातात. डोंगरावर थेट चढाई करण्याची योजनाच टकर यांना मान्य नव्हती. मठाला दूरवरून वळसा घालावा, असे त्यांचे मत होते. चढाई करायचीच असेल तर मठाची बांधणी कळलीच पाहिजे, म्हणून त्यांनी वरिष्ठांच्या गुप्तवार्ता विभागाकडे चौकशी केली, तेथून उपयोगी माहिती मिळाली नाही, तेव्हा ते स्वतः नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांत गेले आणि १८७९ साली छापलेले एक पुस्तक त्यांनी शोधून काढले, ज्यात तळाशी दहा फूट जाडीच्या दगडी भिंतींचे वर्णन होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की आज मठात शत्रू आहे की नाही हा मुद्दाच गौण आहे; हल्ला सुरू झाल्यावर शत्रू त्या भिंतींआड शिरणार आणि तेव्हा पायदळाच्या हातातील कोणतेही शस्त्र त्या भिंतींना भेदू शकणार नाही. आपल्या जवानांचे प्राण राखू पाहणाऱ्या सेनापतीचा हा विचार होता आणि तर्क म्हणून त्यात खोट काढणे कठीण आहे. न्यूझीलंड कोअरचे प्रमुख जनरल फ्रायबर्ग यांनी बॉम्बफेकीची मागणी वर पाठवली, अमेरिकी जनरल मार्क क्लार्क यांचा विरोध होता, पण वरिष्ठ ब्रिटिश सेनापती अलेक्झांडर यांनी फ्रायबर्ग यांची बाजू घेतली.

१५ फेब्रुवारी १९४४ च्या सकाळी १४२ बी-१७ विमाने आणि त्यांच्यामागून मध्यम आकाराची बॉम्बफेकी विमाने आली आणि दिवस मावळेपर्यंत मठ कोसळला. आश्रयाला आलेल्यांपैकी अनेक जण ढिगाऱ्याखाली मेले. भिक्षू तळघरांत असल्यामुळे बहुतेक वाचले. टकर यांच्या तर्काचा दुसरा अर्धा भाग असा होता की बॉम्बफेकीपाठोपाठ लगेच पायदळाने चाल केली पाहिजे. तो कोणी अमलात आणलाच नाही. टकर स्वतः आजारी पडले होते. हवामान आणि दोस्तांच्या आन्झिओ येथील दुसऱ्या आघाडीवरील विमानांची गरज या कारणांनी हल्ल्याची वेळ अलीकडे ओढली गेली आणि धारेवरच्या पलटणींना त्याची पुरेशी पूर्वसूचनाही मिळाली नाही. त्या रात्री रॉयल ससेक्स पलटणीची एकच कंपनी ५९३ वर गेली. राजपुताना रायफल्स आणि गुरखे मोठ्या चढाईसाठी निघाले ते १७ फेब्रुवारीच्या रात्री, आणि तोपर्यंत मठाच्या अवशेषांत जर्मन सैनिक येऊन बसले होते. आता त्यांना कोणताही करार आड येत नव्हता. छपरे आणि वरचे मजले पडले होते, तळाच्या जाड भिंती मात्र बऱ्याच ठिकाणी उभ्या होत्या, आणि ढिगाऱ्याने मूळ इमारतीपेक्षा कितीतरी चांगला आडोसा दिला होता. मठाला किल्ला बनवले ते बॉम्बफेकीने, हे सेंगर यांचे म्हणणे या बाबतीत शब्दशः खरे आहे.

१७ फेब्रुवारीला दियामारे उरलेल्या लोकांना घेऊन डोंगर उतरले, सेंगर यांनी त्यांना गाडी पाठवून आपल्या मुख्यालयात आणले आणि मठात जर्मन सैनिक नव्हते, अशी वृद्ध मठाधिपतींची साक्ष नभोवाणीसाठी ध्वनिमुद्रित केली. येथे सेंगर यांच्या वागण्यातील एक कमकुवत दुवा दिसतो. साक्ष खरी होती, पण ती ज्या यंत्रणेच्या हाती गेली ती सत्यासाठी काम करत नव्हती, आणि रोमकडे निघालेल्या मठाधिपतींना वाटेत अडवून बर्लिनच्या प्रचारकांनी त्यांच्याकडून आणखी निवेदने घेतली, तेव्हा सेंगर यांना संताप आला. मात्र तो संताप व्यक्त करण्यापलीकडे त्यांना काही करता आले नाही. साक्षीची सत्यता पुढे विरुद्ध पक्षानेही मान्य केली; अमेरिकी सैन्याचा या मोहिमेचा अधिकृत इतिहास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मठात जर्मन सैन्य नव्हते असे स्पष्ट नमूद आहे.

वाचकांच्या शंकेचे उत्तर म्हणून इतके पुरेसे असले, तरी एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिक ठरेल. लढाई जवळ आली तसा ३०० मीटरांचा परीघ जर्मनांनी सोडून दिला आणि केवळ इमारत वगळायची, एवढाच नियम उरला. मोर्चे आणि दारूगोळ्याचे साठे भिंतींच्या अगदी निकट सरकले. खालून पाहणाऱ्याला मठ आणि मोर्चा वेगळे दिसणे त्यानंतर अशक्यच होते. तटस्थतेचे शब्द पाळले गेले, तिचा हेतू मात्र पाळला गेला नाही, आणि याची जबाबदारी जर्मन सेनापतींवर येते. तीत सेंगरही आले.

म्हणूनच सेंगर यांची पारख मठावरून करू नये, असे या लेखमालेचे मत आहे. जेथे सदसद्विवेक आणि सोय एकाच दिशेला ओढतात, तेथे माणसाची कसोटी लागत नाही. ती लागली होती पाच महिने आधी, कॉर्सिका बेटावर. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा युद्धविराम जाहीर झाल्यावर जर्मनांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या इटालियन अधिकाऱ्यांना पकडून गोळ्या घालाव्यात, असा हिटलरचा आदेश निघाला. ग्रीसच्या केफालोनिया बेटावर त्याच महिन्यात जर्मन सैन्याने जनरल गांदिन यांच्यासह आक्वी डिव्हिजनच्या हजारो शरणागत इटालियनांची कत्तल केली. कॉर्सिकावर सेंगर यांच्या ताब्यात सुमारे दोनशे इटालियन अधिकारी होते. आपण हा आदेश पाळणार नाही, असे त्यांनी केसेलरिंग यांना सरळ कळवले आणि कैद्यांना मुख्य भूमीवर पाठवून दिले. केसेलरिंग यांनी प्रकरण वाढवले नाही, त्यामुळे शिक्षा झाली नाही; पण नकार देताना ती होणार नाही याची कोणतीही शाश्वती सेंगर यांना नव्हती. या एका कृतीचे मोल मठाच्या सर्व कथांहून अधिक आहे. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की ज्या राजवटीचा त्यांना मनापासून तिटकारा होता, तिच्यासाठी ते मे १९४५ पर्यंत लढत राहिले आणि त्यांच्या बचावकौशल्याने ती राजवट इटलीत कित्येक महिने अधिक टिकली.

पुन्हा कॅसिनोकडे वळू. तेथील ढिगाऱ्यांतून चालताना सेंगर यांना १९१६ ची सोमची रणभूमी आठवली, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मार्चमधील तिसऱ्या लढाईत गावाचाच चुराडा झाला, तेव्हा ही आठवण अधिकच खरी ठरली. बॉम्बच्या खड्ड्यांनी न्यूझीलंडच्या रणगाड्यांचीच वाट बंद केली.

सातारा-कोल्हापूरकडील वाचकांनी विचारले आहे की मराठा पलटणी सेंगर यांच्यासमोर लढल्या का. फेब्रुवारी-मार्चमध्ये धारेवर लढलेल्या चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या पलटणी मुख्यतः राजपुताना, पंजाब आणि गुरखा रेजिमेंटच्या होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती आणि ही डिव्हिजन मे महिन्यात गारी नदीवर उतरली, पण तोवर कॅसिनो ते लिरी हा पट्टा सेंगर यांच्याकडून काढून एकावन्नाव्या माउंटन कोअरकडे दिला गेला होता. याच बटालियनचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो प्रसंग योग्य ठिकाणी येईल. ज्या कुटुंबांत इटलीच्या आघाडीवरून आलेली पत्रे, पगारपुस्तके किंवा छायाचित्रे अजून शिल्लक आहेत, त्यांनी ती टाकून देऊ नयेत आणि त्यांतील गावांची नावे व तारखा लेखमालेकडे कळवाव्यात. पुढील आठवड्यात, ११ मेच्या रात्री तोफा सुरू झाल्या तेव्हा सेंगर आघाडीवर नसून रजेवर जर्मनीत कसे होते, येथून सुरुवात होईल.