इंजिनाला कुलूप

आमच्या खाडीतल्या होड्यांना मागे आउटबोर्ड इंजिन असतं. दिसायला भक्कम, पण छोटं इंजिन मागच्या फळीला धरून ठेवतात फक्त दोन क्लॅम्प-स्क्रू! हाताने फिरवले की सुटतात, आणि कोळ्याची रोजीरोटी चोराच्या खांद्यावर.

उपाय सोपा आहे. दोन्ही स्क्रूंच्या मुठी एका रेषेत आणायच्या, त्यांवर खाचेची पोलादी नळी सरकवायची आणि टोकाला कुलूप ठोकायचं. मुठीच फिरल्या नाहीत तर स्क्रू ढिले होणार कसे? मोठी इंजिनं फळीतून आरपार बोल्टने बसवतात. तिथे खास चावीनेच फिरणारा नट लावावा. नुसत्या साखळीवर विसंबू नका, कटरने ती तुटते. खाऱ्या हवेत साधं कुलूप गंजतं, म्हणून पितळी, स्टेनलेस कडीचं घ्या.

आणि मित्रांनो, इंजिनाचा नंबर वहीत टिपून ठेवा. चोरीचा माल सापडला, तर ओळख पटवायला तोच कामी येतो.