कोंबड्याची अंडी मोजायची कशी?

बाळांनो, कोंबडा अंडं घालत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याच्या लेकींच्या अंगात निम्मी जनुकं त्याचीच ना! मग दोन सख्ख्या भावांपैकी पैदाशीला कोणता ठेवायचा आणि बाजारात कोणता धाडायचा? आई तीच, बाप तोच. वंशावळ पाहिली तर दोघंही सारखेच. पूर्वी लेकी मोठ्या होईपर्यंत थांबायचं आणि त्यांची अंडी मोजत बसायचं. तोवर वर्ष उलटून जायचं.

आता पंखाखालच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब पुरतो. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, कोंबडीच्या पेशींत असतं. म्हणून थेंबभर रक्तातही डीएनए मुबलक. ए, सी, जी, टी या चारच अक्षरांत लिहिलेली सुमारे १०० कोटी अक्षरं त्यात असतात. लाल रानकोंबडीच्या या अक्षरमालेचा मसुदा २००४ साली प्रसिद्ध झाला. पण प्रत्येक पिलाची इतकी अक्षरं वाचायची म्हटलं तर पोल्ट्रीवाल्याचं दिवाळंच निघायचं.

इथं मदतीला आले जीवाणू. हो, जीवाणूच! विषाणू आपला डीएनए जीवाणूच्या अंगात घुसवतो, तेव्हा जीवाणूचं विकर त्याचे तुकडे पाडतं. मात्र वाटेल तिथं नाही. प्रोव्हिडेन्सिया नावाच्या जीवाणूचं विकर सीटीजीसीएजी ही सहा अक्षरं ओळीनं दिसली तरच कापतं. स्वतःच्या डीएनएत ही अक्षरं आली, तर तिथं जीवाणूनं रासायनिक खूण लावलेली असते. तिकडे विकर ढुंकूनही बघत नाही. नजरेला न दिसणाऱ्या जिवाचा केवढा हा बंदोबस्त!

हेच विकर कोंबडीच्या डीएनएवर सोडलं की ते प्रत्येक पिलात जवळपास त्याच जागी कापतं. मग कापालगतचे, बेताच्या लांबीचे तुकडेच वाचायचे. जुन्या पोथीच्या शंभर प्रतींत तीच ती पानं उघडून पाठभेद शोधावेत, तसं. प्रत्येक पिलाच्या तुकड्यांना ठरावीक अक्षरांची चिठ्ठी जोडतात, सगळे एकाच नळीत ओततात आणि एकदम वाचतात. कुणाचा तुकडा कोणता, ते संगणक चिठ्ठीवरून निवडतो. खर्च सगळ्यांत वाटला जातो. कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी २०११ मध्ये ही युक्ती मका आणि जवावर करून दाखवली. कोंबड्यांची पाळी पुढे आली.

डीएनएतले पाठभेद तपासणारी तयार चिपही मिळते, पण ती आधी ठरवलेल्या जागाच बघते, आणि त्या जागा बहुतांशी व्यापारी कोंबड्यांवरून निवडलेल्या. आपल्या कडकनाथाचं किंवा गावरान कोंबडीचं खास वेगळेपण तिच्या नजरेतून निसटू शकतं. कापून वाचण्याच्या रीतीत ते सापडण्याची आशा जास्त. तिचीही एक खोड आहे: एखाद्या पिलाचे काही तुकडे वाचायचेच राहतात. ती गाळलेली अक्षरं भाऊबंदांवरून अंदाजानं भरावी लागतात.

आणि नुसते पाठभेद मिळून भागत नाही. ज्यांची अंडी खरोखर मोजली आहेत आणि डीएनएही वाचला आहे, अशा पुष्कळ कोंबड्यांची वही आधी हवी. तिच्याशी ताडूनच कोणत्या भावाच्या लेकी जास्त अंडी घालतील, याचा अंदाज बांधता येतो. पिढीगणिक हे पाठभेद आणि अंड्यांवर परिणाम करणारी जनुकं यांची जोडी थोडी थोडी तुटत जाते, म्हणून ती वही अधूनमधून नव्यानं लिहावी लागते.