उलट्या थांबल्या, औषध थांबलं का?

आमच्या वॉर्डात एक आजोबा दाखल झाले. हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी चालू, मूत्रपिंडं थकलेली. औषध अंगात साठून उलट्या सुरू झाल्या होत्या. गोळी थांबवली. दोन दिवसांनी मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, उलट्या थांबल्या, आता बाबांना घरी नेतो.’’ मी नाही म्हणालो. बारावी सायन्सच्या नातीनं विचारलं, ‘‘का?’’ मग उत्तर तिच्याच गणितातून दिलं.

औषधाचा रेणू शरीरात सरासरी किती वेळ मुक्काम करतो? त्यासाठी ‘काळ’ आणि ‘औषध बाहेर पडण्याचा वेग’ यांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करावं लागतं. इथे ‘बाय पार्ट्स’ कामी येतं. वेगाचं इंटिग्रेशन म्हणजे उणे चिन्हासह शिल्लक औषध. काळाचं डेरिव्हेटिव्ह नुसतं एक. उत्तर येतं, अर्धायुष्याच्या १.४४ पट.

पण सगळेच रेणू सरासरीच्या आसपास बाहेर पडतात का? हे पाहायला गुणाकार तिघांचा होतो: काळ, पुन्हा काळ आणि वेग. नियम तोच. वेगाचं इंटिग्रेशन करायचं, उरलेल्या दोघांचं डेरिव्हेटिव्ह पाळीपाळीनं घ्यायचं. एकाची पाळी असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोघांचं एकदम घेतलं की उत्तर चुकलंच. अशी दोन सारखी पदं मिळतात आणि कळतं, की रेणूंच्या मुक्कामातला फरक सरासरीइतकाच मोठा आहे. काही रेणू लगेच जातात, काही फार रेंगाळतात. सरासरी मुक्काम संपला तरी ३७ टक्के औषध शिल्लकच असतं.

मूत्रपिंडं चांगली असतील तर डिगॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण ३६ तास, म्हणजे सरासरी मुक्काम ५२ तास. मूत्रपिंडं जवळजवळ बंद असतील तर अर्धायुष्य चार दिवसांच्या घरात जातं. अशा रुग्णात दोन दिवसांनी सुमारे ७० टक्के औषध अंगातच असतं. उलट्या थांबल्या तरी हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका टळलेला नसतो.

डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी मूत्रपिंडाची तपासणी वेळच्या वेळी करावी. भूक मेली, मळमळलं, नाडी मंदावली किंवा सगळं पिवळसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं घेऊन दवाखाना गाठावा. डोस मनानं बदलू नये.

आजोबा आठवड्यानं घरी गेले. नात वहीत तिघांचा गुणाकार उतरवून घेऊन गेली.