काऊंटीचा कारभार – भाग ६ : आधी झिपकोड सांगा

काऊंटीच्या तिजोरीत पैसा येतो कुठून, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता तो गरजूच्या दारापर्यंत पोचतो कसा, ते पाहू. अमेरिकेतली काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा; फक्त तिथे वरून नेमलेला कलेक्टर नसतो, लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असतं. हे मंडळ अन्नसाहाय्याच्या सरकारी योजनेसारखी काही कामं स्वतःच्या कचेऱ्यांतून चालवतं आणि बाकीची बरीचशी स्वयंसेवी संस्थांकडे करारावर सोपवतं. पैसा बऱ्याच अंशी सरकारचा, पण समोर बसलेला माणूस संस्थेचा.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातली सँता क्लारा काऊंटी घेऊ. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत विचारा, कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा भाची तिथे असतेच. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो, माउंटन व्ह्यू ही सगळी गावं याच काऊंटीतली. वस्ती साधारण १९ लाख, शहरं १५. ॲपल, गूगल, एन्व्हिडिया यांची मुख्यालयं इथेच. आणि इथल्याच ‘सेकंड हार्वेस्ट’ या १९७४ साली निघालेल्या अन्नपेढीकडून ही काऊंटी आणि शेजारची सॅन मटेओ मिळून दरमहा सुमारे पाच लाख लोक शिधा घेतात. हे सगळे बेकार नाहीत. हॉटेलात भांडी घासणारे, कंपन्यांच्या इमारती झाडणारे, पाळणाघरात मुलं सांभाळणारे हे लोक कामाला जातात, पगारही घेतात. तो घरभाड्यात संपतो.

म्हणून इथल्या मदतीचं मुख्य दुखणं भाडं. ते जरा बारकाईने पाहू.

भाडं थकलं की घरमालक तीन दिवसांची नोटीस देतो : पैसे भरा नाही तर घर सोडा. शनिवार-रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, एवढीच सवलत. नोटीस हातात पडली की माणूस २११ हा नंबर फिरवतो. समाजसेवेच्या चौकशीसाठी हा तीन आकडी क्रमांक २००० साली देशभर राखून ठेवला गेला. पलीकडून विचारलं जातं, राहता कुठे? कारण तातडीच्या मदतीसाठी काऊंटी संस्थासंस्थांत वाटलेली आहे. सनीव्हेलकरांनी १९७० पासून चालत आलेल्या ‘सनीव्हेल कम्युनिटी सर्व्हिसेस’कडे जायचं, क्युपर्टिनो-साराटोगावाल्यांनी ‘वेस्ट व्हॅली’कडे, माउंटन व्ह्यूच्या लोकांनी १९५७ साली सुरू झालेल्या तिथल्या संस्थेकडे, पार दक्षिणेच्या गिलरॉयवाल्यांनी सेंट जोसेफ केंद्राकडे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणारे शेजारी दोन वेगळ्या दारांत उभे राहू शकतात. चुकीच्या दारात गेलात तर हाकलत नाहीत, योग्य पत्ता देतात. पण तीन दिवसांतला अर्धा दिवस गेलेला असतो.

मग कागदपत्रं. भाडेकरार, नोटीस, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, घरातल्या प्रत्येकाची ओळख. शिवाय पुढच्या महिन्यापासून भाडं कसं भरणार याचं उत्तर. हा प्रश्न निष्ठुर वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे : ही मदत एकदाच्या अडचणीसाठी असते, कायमच्या तुटीसाठी नसते. आजारपणात पगार बुडाला, गाडी बंद पडून काम सुटलं, अशांसाठी ती आहे. ज्याचं उत्पन्न भाड्याला कधीच पुरणार नाही, त्याला स्वस्त घर हवं, आणि तिथे रांग वर्षानुवर्षांची. स्वस्त घरं बांधता यावीत म्हणून या काऊंटीच्या मतदारांनी २०१६ साली ९५ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. तरीही घरं पुरत नाहीत. अर्ज मंजूर झाला तर चेक घरमालकाच्या नावाने निघतो, भाडेकरूच्या हातात पैसा येत नाही.

मला या पद्धतीचं कौतुक वाटतं आणि रागही येतो. कौतुक याचं, की संस्थेतली बाई गावातली असते, घरमालकाला फोन लावून ‘आठवडाभर थांबा, चेक येतोय’ असं सांगू शकते, आणि तो पुष्कळदा थांबतो. राग याचा, की कागद जमवायला लागणारा वेळ आणि शहाणपण ज्याच्याकडे आहे त्यालाच मदत मिळते. दोन ठिकाणी राबणाऱ्या बाईने बँकेचा उतारा कधी काढायचा?

शिधावाटप त्या मानाने सोपं. तिथे कागद जवळजवळ लागत नाहीत, नागरिकत्वाची चौकशीही करत नाहीत. शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात गाड्यांची रांग लागते. ड्रायव्हरने आतूनच डिकी उघडायची, स्वयंसेवक गाजरं, अंडी, दूध, कोंबडीचे खोके ठेवतो आणि पुढच्या गाडीला हात करतो. माणूस खाली उतरतही नाही. अन्नपेढीची मूळ कल्पना फिनिक्समधल्या जॉन व्हॅन हेंगेल यांची, १९६७ सालची : दुकानं जे फेकतात ते गोळा करून खाणाऱ्याकडे पोचवायचं. फुकट दिलेल्या अन्नाने कोणी आजारी पडलं तर आपल्यावर खटला होईल, या धास्तीने दुकानदार हात आखडता घेत. १९९६ च्या कायद्याने शुद्ध हेतूने दान देणाऱ्याला संरक्षण दिलं.

गोदामात संत्री निवडून पिशव्या भरायला कंपन्यांच्या टीम जातात. त्यांत मराठी मुलंमुली असतात, तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे स्वयंसेवकही असतात. देणारे म्हणून आपण तिथे उत्साहाने दिसतो. घेणारे म्हणून मात्र नाही. नोकरी गेली की एच-१बी व्हिसावाल्याला साधारण ६० दिवसांची मुदत असते. त्या दोन महिन्यांत शिध्याची पिशवी उपयोगी पडली असती, तरी चार ओळखीचे तिथेच संत्री निवडत असतील या कल्पनेनेच पाय उचलत नाही. ‘लोक काय म्हणतील’ सातासमुद्रापारही सोडत नाही.

आपल्या माणसांना सहज जमतं ते ज्येष्ठांचं जेवण. १९६५ च्या कायद्याने आणि त्याला पुढे जोडलेल्या भोजन योजनेमुळे साठीपुढच्या कोणालाही केंद्रात दुपारचं जेवण मिळतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दाराशी पेटी असते, वाटलं तर पैसे टाका. न टाकणाऱ्याला परत पाठवायला कायद्याने मनाई आहे. ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याच्याकडे डबा जातो. मला ही पेटी फार आवडते. पैसे टाकता येतात म्हणून माणूस मान वर ठेवून जेवतो.

आणि एक दार असं, की जिथे भाषा कळणारी माणसं लागतात. दक्षिण आशियाई घरांतल्या मारहाणीला तोंड देणाऱ्या बायकांसाठी १९९१ पासून ‘मैत्री’ ही संस्था याच भागात काम करते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलीला घर सोडायचं म्हणजे देशही सोडावा लागेल का, हा पहिला प्रश्न असतो. सासूचे टोमणे, हुंडा, माहेरी काय सांगायचं, हे सगळं तिथे मुळापासून समजावून सांगावं लागत नाही.

आता या कारभाराची दुबळी बाजू. करार मिळाला म्हणजे पैसा हातात पडला असं नव्हे. बरेचसे करार असे, की संस्थेने आधी खर्च करायचा, मग पावत्यांसह बिल लावायचं. गाठीला दोन-तीन महिन्यांचा पैसा असलेली मोठी संस्था हे निभावते; वस्तीतली छोटी संस्था करारासाठी अर्जच करत नाही. शिवाय यातला बराच पैसा वॉशिंग्टनहून येतो, तिथे भांडण झालं की इथला नळ आटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारचं कामकाज थांबलं आणि नोव्हेंबरचं अन्नसाहाय्य अडकलं, तेव्हा देशभर अन्नपेढ्यांसमोरच्या रांगा वाढल्या. काऊंटीच्या हातात त्यातलं फारसं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र आपल्याकडेही व्हावी असं वाटतं. अशा बहुतेक संस्थांना दरवर्षी ९९० नावाचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो कोणालाही घरबसल्या वाचता येतो : आलेला पैसा, झालेला खर्च, मुख्य अधिकाऱ्याचा पगारसुद्धा. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडेही हिशेब जातात. एखाद्या न्यासाचा ताळेबंद बघायला मिळवून पाहा, मग फरक कळेल.

पुढच्या आठवड्यात : काऊंटीचं हॉस्पिटल, आणि विमा नसलेल्या रोग्याचं बिल कोणाच्या माथी जातं.