गरिबीतले पैसे किती?

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खतावण्या लिहिल्या. पेढी मशीद बंदरला, घर टिटवाळ्याला. जाता-येता रोज तीन तास गाडीत. टिटवाळ्याहूनच सुटणारी लोकल पकडली की खिडकी मिळायची आणि मांडीवर कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक. (हे वाचनालय 1864 सालचं, माझी वर्गणी मात्र कधीच वेळेवर गेली नाही.) कथासंग्रहांची गोडी तिथेच लागली. ठाणं येईस्तोवर एक कथा पुरी होते. कादंबरीत सकाळी कुठे होतो ते संध्याकाळच्या गर्दीत आठवत नाही.

हिशेबनीसाची खोड म्हणा, पण गरिबीवरचं पुस्तक हातात आलं की मी आधी बघतो, यात पैसे किती आहेत? रोज काय मिळतो, उधारी कुणाकडे, तांदूळ काय भावाने आणला? हे न सांगता जो नुसता गळा काढतो, त्याचं पुस्तक शहाड यायच्या आत मिटतं.

अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' घ्या. लोक ती अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणून सांगतात. मला ती बेकारीची गोष्ट वाटते. मुंबईच्या उपनगरातली दगडाची खाण बंद पडते, म्हणून तिथला मजूर भीमा सोन्यासाठी स्मशानातली राख चाळायला लागतो. पुढे मढीच उकरतो. कोल्ह्यांशी झुंजतो, मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं गमावतो आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. जमा आणि खर्च एकाच तारखेला!

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाने मात्र माझी वही बंद पाडली. शीर्षककथेतल्या माणसाला रेल्वेत नोकरी आहे, पगार आहे, तरी भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागते. हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा?

अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांचा 'भारतातील दारिद्र्य' हा 1971चा अभ्यास लोक कोरडा म्हणतात. मला नाही तसं वाटत. दिवसाला 2250 उष्मांक पोटात जायचे, तर 1960-61च्या भावाने खेड्यात माणशी महिन्याला 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करता यायला हवेत, असं त्यांनी मांडलं. कुणीतरी बसून भाव तरी लावला! फक्त तो हिशेब महिन्याचा. हातावर पोट असलेल्याचा महिना कधी येतच नाही, त्याचा आजच असतो. आणि आजचा दिवस कथेत बरोबर मावतो.

गेल्या जूनमध्ये स्टेशनाबाहेर एक कातकरी बाई शेवळांची रानभाजी घेऊन बसली होती. वीसला जुडी. अंधार पडत आलेला, समोर तीन जुड्या उरलेल्या. म्हटलं, "मावशी, आज किती सुटले?"

"तेल येल. भाडा जाऊन."

एक जुडी घेतली, पन्नासची नोट दिली. तिच्याकडे सुटे नव्हते. शेजारच्या हारवाल्याकडेही नव्हते. तिने उरलेल्या दोन्ही जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या, फडकं झटकलं आणि निघाली. दहा रुपये माझ्याकडे निघत होते. पाकीट उघडेपर्यंत ती रिक्षांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

घरी आल्यावर बायकोने पिशवी उलटी केली. "काकडं कुठायत? त्यांच्याशिवाय शेवळांनी घसा खाजेल ना."

काकडं बाईकडेच राहिली होती.