बांधावरील शिरीष व त्याचे लाकूड

अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या लाकडास फार मान आहे. त्याचा गाभा गडद तपकिरी असून बंदुकीचे दस्ते, टेबले, कपाटे इत्यादी किमती कामांस तो वापरतात. आपल्या नागपुराकडे तो वृक्ष होत नाही. परंतु लंडनच्या व्यापारात ‘पूर्व हिंदी अक्रोड’ या नावाने जे लाकूड विकले जात असे, ते दुसरे तिसरे काही नसून आपल्या बांधावरील शिरीष होय. अंदमानातून तेच ‘कोको’ या नावाने जाई. आपण मात्र ते सरपणाच्या भावाने देऊन मोकळे होतो!

ज्याच्या चपट्या, गवती रंगाच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळतात तो हा शिरीष. रस्त्याकडेचा जाड, गरयुक्त शेंगांचा विलायती शिरीष निराळा.

लाकडाचे दोन भाग असतात. बाहेरील पांढरा भाग बराच रुंद असून त्यास कीड लवकर लागते व भुसा पडू लागतो. तो सामानात येऊ देऊ नये. आतील गाभा तपकिरी, काळसर पट्ट्यांचा, टिकाऊ आणि वजनाने जवळजवळ सागवानाइतका असतो. गाड्यांचे तुंबे व तेलाचे घाणे यांस पूर्वी तो लावीत. कपाट, पेटी, खुर्ची यांसही उत्तम. त्याच्या रेषा उलटसुलट असल्यामुळे रंधा अडतो व चिपा उपटतात. याकरिता पाते धारदार ठेवून अगदी थोडे बाहेर काढावे. कापताना उडणाऱ्या भुशाने शिंकांचा सपाटा सुरू होतो; नाकातोंडास फडके बांधावे.

तोड हिवाळ्याच्या आरंभी करून ओंडका ओला असतानाच चिरून घ्यावा. आमच्याकडील वैशाखाच्या झळांत उघडा पडलेला ओंडका टोकांकडून तडकतो. टोकांस डांबर लावून फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात व निदान वर्षभर राहू द्याव्यात.

आता मापाविषयी. घेराचा चतुर्थांश घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व लांबीने गुणावयाचे, अशी व्यापाऱ्यांची रीत आहे. 6 फूट घेराचा, 8 फूट लांबीचा ओंडका या रीतीने 18 घनफूट भरतो. खरे माप सुमारे 23 घनफूट असते. रीत जुनी व सर्वमान्य आहे, तिच्याशी भांडण नाही. मात्र भाव ठरविताना हा फरक मनात धरावा आणि ‘पांढरे’ म्हणून पुन्हा दुसरी घट मान्य करण्यापूर्वी ओंडक्याच्या टोकाशी गाभा स्वतः मोजावा. उभे झाड नजरेच्या अंदाजाने देऊ नये.

तोडीपूर्वी परवानगीची चौकशी वनखात्याच्या कचेरीत करावी. झाड सामाईक बांधावर असल्यास शेजाऱ्याची संमती लेखी घ्यावी. तोंडी संमती पैसे हाती आल्यावर कोणास आठवत नाही.