रद्दीतील ठेव

वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. अग्रलेख शिळा होतो, आणि त्याच्यासोबत आतल्या पानावरील तीन-चार चौकटींची चित्रमालिकाही रद्दीत जाते. अमेरिकेत मात्र या चौकटींतून एक स्वतंत्र कला बहरली. जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ (१९१३ ते १९४४) हा तिचा मानदंडच होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील अनेक ग्रंथालयांनी जागेअभावी वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म करवून मूळ बाडे मोडीत काढली. मायक्रोफिल्म कृष्णधवल, रविवारच्या पुरवण्यांचे रंग त्यात हरपले. बिल ब्लॅकबिअर्ड (१९२६-२०११) यांना हे पाहवेना. ग्रंथालये खासगी व्यक्तीला बाडे देईनात, म्हणून त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट’ ही ना-नफा संस्थाच स्थापन केली. संस्थेचे कार्यालय म्हणजे त्यांचे राहते घर! १९९८ साली हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे रवाना झाला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन भरले. जुनी दप्तरे निकालात काढण्याच्या यादीवर सही करणाऱ्या आपल्या बँकबंधूंनी हा आकडा जरूर ध्यानी ठेवावा.

संग्रहाइतकेच पुनर्मुद्रणही जिकिरीचे. वृत्तपत्राचा कागद आम्लयुक्त; तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. शिवाय जागा वाचविण्यासाठी काही वृत्तपत्रे रविवारच्या मालिकेतील चौकटीच गाळीत. दिलासा इतकाच, की एकच मालिका अनेक वृत्तपत्रांत छापली जाई. एका गावी हरवलेला दिवस दुसऱ्या गावी सापडतो. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’च्या १९५० ते २००० या काळातील १७,८९७ मालिका २००४ पासून क्रमवार ग्रंथरूपाने निघाल्या आणि २०१६ मध्ये हे काम पुरे झाले. यांतील आरंभीच्या कित्येक मालिका त्याआधी पुस्तकात कधी आल्याच नव्हत्या.

आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ली फॉक यांचा ‘फँटम’ पुस्तिकारूपात आणला. मराठी मुलांचा तो लाडका वेताळ! वृत्तपत्रासाठी आखलेल्या चौकटी पुस्तिकेच्या पानात बसविताना काटछाट झाली. बंगालशी घोटाळा नको म्हणून ‘बंगाला’चे ‘डेंकाली’ झाले. अभ्यासकाला हे खटकेल. पण वेताळ घरोघरी पोहोचला तो याच रूपात, हेही विसरून चालणार नाही. १९९० मध्ये हे प्रकाशन थांबले आणि त्या स्वस्त पुस्तिकाही रद्दीच्या वाटेला लागल्या. ज्यांनी त्या ट्रंकेत जपल्या, त्यांच्याकडे आता संग्राहक चौकशी करीत येतात.